म्हातारपण कोणाला परवडते?

रॉक गायक मिक जॅगर २०२३ मध्ये ८० वर्षांचा झाला आणि त्याच वर्षी त्याच्या रोलिंग स्टोन्स या बँडने नव्या गाण्यांचा अल्बम काढला. आम्हा वकील मित्रांच्या गप्पांत हा विषय निघाला. एप्रिल २००३ मध्ये हा बँड मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर गायला, तेव्हा "साठीला टेकलेल्या माणसाला या उड्या शोभतात काय?" असे आमचे एक ज्येष्ठ मित्र म्हणाले होते. आता त्यांचीच साठी उलटली आहे, आणि ते म्हणतात, "जिद्द आहे बुवा!"

जिद्द आहेच. पण रॉकमध्ये सुखाने म्हातारे कोण होते, हा प्रश्न नुसत्या जिद्दीचा नाही, हक्काचा आहे. या गोऱ्या बँडचे नावच मडी वॉटर्स या कृष्णवर्णीय गायकाच्या १९५० च्या गाण्यावरून घेतलेले. कृष्णवर्णीयांचे ब्लूज नसते तर रॉक जन्मालाच आले नसते.

बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने 'हाउंड डॉग' १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित केले. ते प्रचंड गाजले. १९५६ मध्ये एल्विस प्रेस्लेने तेच गाणे गायले आणि जगाला ते एल्विसचे म्हणून ठाऊक झाले. गाणे लिहिणारे दोन गोरे तरुण होते. त्यामुळे कायद्याने हक्क त्यांचा, थॉर्नटनचा फक्त आवाज. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणे वाजले की गीतकार-संगीतकाराला पैसे मिळतात, गाणाऱ्याला आजही नाही. थॉर्नटन १९८४ मध्ये वारली, अवघ्या ५७ व्या वर्षी.

विली डिक्सन मात्र गाणी स्वतः लिहीत असे. लेड झेपेलिन या बँडचे १९६९ चे 'होल लोटा लव्ह' आपल्या गाण्यावरून उचलले आहे, असा दावा त्याने १९८५ मध्ये लावला. तेव्हा त्याचे वय सत्तर! १९८७ मध्ये तडजोड झाली आणि पुढे गाण्यावर त्याचे नाव आले. नातवंडे खेळवायच्या वयात हा माणूस कोर्टाच्या पायऱ्या चढत होता.

उलट, युरोपात क्लिफ रिचर्डसारख्या नामवंतांनी म्हातारपणीच्या उत्पन्नाचा मुद्दा लावून धरला आणि २०११ मध्ये ध्वनिमुद्रणांच्या हक्काची मुदत ५० वरून ७० वर्षे झाली. मात्र एकरकमी पैशांवर वाजवून गेलेल्या वादकांसाठी वाढीव काळातील उत्पन्नाचे २० टक्के राखून ठेवायची अटही त्यात आहे. ही अट आम्हाला मोलाची वाटते.

आमच्याकडे कॅसेटच्या जमान्यात किती कवी-शाहिरांनी चार पैसे घेऊन सह्या केल्या! हस्तांतरणाच्या करारात मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षेच धरावी, असे आपल्या कॉपीराइट कायद्याचे कलम १९ सांगते. ते जुने कागद ट्रंकेतून बाहेर काढा. आम्ही वाचून देऊ, फी न घेता.