भरतीच्या रेषेवर

मार्चअखेरची सकाळ. तारकर्लीच्या पुळणीवर ओहोटी लागली आहे. मागे सरलेलं पाणी एक काळपट-तपकिरी पट्टा सोडून गेलंय, देवबागच्या दिशेने नजर पोचेल तिथवर. आधी जाणवतो तो वास. ओला, खारट, थोडा कुजका. स्कूबाच्या बोटीसाठी रांग लागली आहे. रांगेकडे जाणारे नाकाला रुमाल लावून पट्टा ओलांडतात.

मी पट्ट्याशीच उकिडवी बसते. वर सरगॅसम, तपकिरी शेवाळ. फांदीफांदीला हवेने भरलेले इवलेसे गोल फुगे. पाऊस संपला की मालवणच्या खडकांवर हे वाढू लागतं, उन्हाळ्याच्या तोंडाशी सुटतं आणि लाटांबरोबर किनाऱ्याला लागतं. त्यात अडकलेली कांदळाची पानं, नारळाची सोडणं, सुरूच्या काड्या, एक पांढरा समुद्रफेस. नायलॉनच्या जाळ्याचा तुकडा आणि बाटलीची झाकणंही.

एक झुबका हळूच उचलते. खाली एकच पळापळ. तांदळाच्या दाण्याएवढे, वाळूच्याच रंगाचे जीव टणाटण उडतात. कोळंबीच्या लांबच्या नात्यातले हे. राहतात जमिनीवर, पण श्वास घेतात कल्ल्यांनी. अंग सुकलं की संपले. उघड्यावरची वाळू आता तळपायाला चटके देतेय. झुबक्याखाली बोटं घातली तर गारवा. दिवसभर हे इथेच दडून राहणार, रात्री बाहेर पडून हेच शेवाळ कुरतडणार. शेजारी माश्यांच्या अळ्या वळवळताहेत, एक काळा भुंगेरा वाळूत घुसतोय. झुबका होता तसा परत ठेवते.

पाण्याच्या कडेने पुढे निघते. ओल्या वाळूत हिरवं म्हणून काही नाही. साधारण दर 12 तास 25 मिनिटांनी भरती येते, लाटा वाळू खालीवर करतात. इथे रुजणार काय? इथल्या पोटांना अन्न हवं तर ते बाहेरूनच यायला हवं. ते हे असं येतं, वास मारत. कुजलेल्या शेवाळाचा अर्क लाटांबरोबर वाळूत झिरपतो, पुन्हा समुद्राला मिळतो.

वर बिळंच बिळं. बसून राहावं लागतं; आपली सावली हलली की खेकडा आत. ऊन मानेवर येतं. बराच वेळ काही नाही. मग देठांवरचे दोन डोळे वर येतात, मागून एक मोठा नांगा. तिरका धावत तो पट्ट्याशी जातो, शेवाळातून मेलेली तारली ओढतो, थांबतो, पुन्हा ओढतो. बीळ ओल लागेपर्यंत खाली जातं, कधी मीटरभर.

चिखल्यांचा थवा उतरतो. चार पावलं धाव, थांबा, टोच. पुन्हा धाव. हे लवकरच उत्तरेला निघतील. यांच्यातल्या कितीतरी जणांची वीण तिबेट-लडाखच्या पठारांवर होते. त्या प्रवासाची चरबी याच किनाऱ्यांवर अंगावर चढते.

आणखी वर जुनी रेषा, गेल्या उधाणाची. शेवाळ वाळून काळंठिक्कर, निम्मं वाळूखाली. वाऱ्याने आलेली वाळू त्याला अडते, तिथे उंचवटा धरतो. मर्यादवेलीची एक फांदी त्यावरून पुढे सरकली आहे. वाळूची टेकडी अशीच उभी राहते.

एका रिसॉर्टसमोर मात्र दाताळं फिरलंय. शेवाळ, झाकणं, सोडणं, सगळं एकाच ढिगात, पेटवायला. समोरची वाळू गुळगुळीत. चिखले तिथे न थांबता पुढे जातात. दाताळं फिरवणाऱ्या माणसाचा दोष नाही, त्याला तसं सांगितलंय. पण मला ते बघवत नाही.

किनारा स्वच्छ करायला जाल तेव्हा हाताने वेचा. प्लॅस्टिक, काच, नायलॉनचं जाळं उचला. शेवाळ आहे तिथेच राहू द्या.