मोबाइलवरील कुळे आणि गावातले आखाडे

नागपूर-अमरावती महामार्गावरील कारंजा (घाडगे) हे वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. अशा गावातील शिक्षकाला किंवा कचेरीतील कारकुनाला 'क्लॅन' हा शब्द ठाऊक नसेल. त्याच्या घरातील पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला तो बहुधा ठाऊक असतो. मोबाइलवरील बंदुकीच्या खेळांत खेळाडूंचा जो कायमचा गट असतो, त्याचे हे नाव. स्कॉटलंडमधील गेलिक भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ 'लेकरे'. त्यावरून तो कुळाला लागू झाला. १९९६ साली 'क्वेक' हा खेळ निघाला आणि संगणकांच्या जाळ्यावरून खेळणाऱ्यांनी अशी कुळे उभारली. आपल्याकडे हे लोण खेडोपाडी पोहोचले ते २०१८ साली 'पबजी मोबाइल' आल्यानंतर.

या खेळात शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात आणि अखेरपर्यंत तगून राहील तो पक्ष जिंकतो. चौघांची तुकडी डावापुरती असते. कुळ मात्र टिकते. त्याला नाव असते, नायक व उपनायक असतात, आणि सभासदांच्या खेळण्यावर कुळाची पायरी ठरते. जो फिरकत नाही, त्याला नायक काढून टाकू शकतो. आई जेवायला हाक मारते तेव्हा मुलगा उठत नाही, यात हट्ट असतोच. पण डाव मध्येच थांबवता येत नाही आणि तीन सोबती त्याच्यावर विसंबलेले असतात, हेही खरे. ज्याला वर्गात कोणी विचारीत नाही, त्याची तेथे कोणीतरी वाट पाहत असते.

विदर्भाला ही ओढ नवी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले आणि १९३६ साली त्याच्या पथकाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. आखाड्यालाही नाव होते, अभिमान होता, शेजारच्या आखाड्याशी चुरस होती. तथापि वस्तादाला मुलाचे घर माहीत असे. परीक्षा जवळ आली की तोच त्याला घरी पिटाळी. मोबाइलवरील कुळाचा नायक दुसऱ्या प्रांतातील, टोपणनावाने वावरणारा, कदाचित सतरा वर्षांचाच असतो. नियम कंपनी करते, आणि खेळ जितका लांबेल तितका तिचा लाभ. वडीलधारे माणूस त्या कुळात नाही, हा खरा दोष होय.

सरकारने बंदीचा मार्ग चोखाळून पाहिला. २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ उपयोजनांवर बंदी आली, तीत पबजी होता. २०२१ च्या जुलैत तोच खेळ 'बीजीएमआय' या नावाने परतला, २०२२ च्या जुलैत पुन्हा अडविला गेला आणि २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा आला. त्यात अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली गेली. परंतु वडिलांच्या क्रमांकावरून खेळणाऱ्या मुलाला ती कितपत अडविणार? २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली, ई-क्रीडेला मात्र उत्तेजन दिले. हे योग्यच झाले. पण कुळात रमलेल्या मुलाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

२०२३ च्या हांगझौ आशियाई स्पर्धेत अशा खेळांना पदके होती, असे कोणी म्हणेल. मान्य. परंतु तेथे पोहोचणाऱ्या संघांना प्रशिक्षक असतात, सरावाची वेळ ठरलेली असते. कारंज्याच्या मुलाला नेमके तेच मिळत नाही.

मग करावे काय? मोबाइल हिसकावून घेतल्याने मुलाचे सोबती तुटतात आणि त्यांच्या जागी दुसरे कोणी येत नाही. शिक्षकांनी त्याला कुळाचे नाव विचारावे, त्यात त्याच्याकडे कोणते काम आहे हे जाणून घ्यावे. वीस-पंचवीस जणांना जो सांभाळतो, त्याच्यावर स्नेहसंमेलनाची किंवा कबड्डीच्या संघाची जबाबदारी टाकून पाहावी. शाळा सुटल्यावर मैदानाचे फाटक तासभर उघडे ठेवावे. पालकांनी खेळाची वेळ मुलाशी बोलून, डावांच्या हिशेबाने ठरवावी आणि मग ती कसोशीने पाळावी. आखाडे ओस पडू दिले ते मोठ्यांनी. मुलांनी आपला आसरा शोधला, एवढेच. तो आसरा पारखून घेण्याचे काम तरी मोठ्यांनी टाळू नये.