मुदत आणि मतदान

अमेरिकेच्या राज्यव्यवस्थेचे मर्म सत्तेच्या विभागणीत आहे, असे पाठ्यपुस्तके सांगतात. कायदे काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने करावेत, अंमल अध्यक्षाने करावा, दोहोंची घटनात्मकता न्यायालयाने तपासावी. परंतु मुदतीचे बंधनही तेथे तितकेच कडक आहे. प्रतिनिधिगृहाची मुदत दोन वर्षे, अध्यक्षाची चार, सिनेटरची सहा. मतदान नोव्हेंबरातील पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी. तो दिवस बदलण्याचा अधिकार अध्यक्षालाही नाही. १८६४ साली यादवी युद्ध पेटलेले असतानाही लिंकन मतदारांपुढे गेले.

आता मीरा-भाईंदरकडे पाहावे. तेथील महानगरपालिकेच्या सदस्यांची मुदत ऑगस्ट २०२२ मध्ये संपली. मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक पूर्ण व्हावी, असे आपल्या घटनेचे कलम २४३-यू बजावते. तथापि इतर मागासवर्गीयांचे आरक्षण व प्रभागरचना यांचे वाद न्यायालयात रेंगाळले आणि मतदान जानेवारी २०२६ मध्ये झाले. तोवर कर नागरिकांनी भरला; कारभार मात्र प्रशासकाने पाहिला. गाऱ्हाणे घेऊन जावे, असा नगरसेवकच उरला नव्हता.

नियम आपल्याकडेही आहे. मतदानाचा दिवस अनिश्चित राहिला, तर मताचा अधिकार कागदावरच राहतो, एवढे तरी या अनुभवातून आपण शिकावे.