लेकराला सवंगडी, आईला आधार

मागच्या उन्हाळ्यात दुसरबीडजवळच्या एका खेड्यातून एक आजी नातवाला घेऊन माझ्याकडे आल्या. पोराला सर्दी-खोकला होता. तपासताना मी त्याच्याशी बोलू लागलो. अडीच वर्षांचे ते मूल एक शब्द बोलेना. पाठीमागून टाळी वाजवली तरी वळून पाहीना. मी विचारले तेव्हा आजी म्हणाल्या, "याचा बापही उशिराच बोलला व्हता, डाक्टरसाहेब. बोलन हळूहळू."

पुढे मोठ्या रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा मुलाला दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येते असे निघाले. आता कानाला यंत्र बसले आहे, शिकवणेही सुरू आहे. परंतु बोलणे शिकण्याची सर्वांत मोलाची वर्षे हातची गेली.

यात आजींचा दोष नाही. आई-बाप दिवसभर कपाशी-सोयाबीनच्या रानात, घरी आजी आणि नातू दोघेच. शेजारी त्या वयाचे दुसरे मूल नाही. चार लेकरे एकत्र खेळत असती, तर हेच पोर हाकेला ओ देत नाही हे कोणत्याही आईच्या ध्यानात आले असते. आजचा विषय म्हणूनच निवडला आहे.

इंग्लंडमध्ये अनेक गावांतील चर्च आठवड्यातून एक दिवस आपले सभागृह लहान मुलांच्या पालकांसाठी उघडे ठेवते. दीड-दोन तास मुले खेळतात, गाणी होतात, आई-बाप चहा घेत एकमेकांशी बोलतात. तेथे येण्यासाठी ख्रिस्ती असावे लागत नाही. मुलांचा खेळ होतो आणि एकट्या पडलेल्या आईला माणसे भेटतात.

आपल्या महाराष्ट्रातही याच्या जवळचे उदाहरण आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये जामखेड (तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) येथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यातल्याच बायांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतील कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. या बाया मुलांची वजने घेत आणि महिला मंडळात बसून आहार, जुलाब, लसीकरण समजावून सांगत. सुरुवातीला त्या भागात हजारी १७० हून अधिक अर्भके दगावत. १९९० च्या दशकात हे प्रमाण पन्नासच्या खाली आले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाईने बाईला सांगितलेली गोष्ट घरात उतरते, हा जामखेडचा धडा आहे.

आपल्याकडे १९७५ पासून अंगणवाडी आहे. परंतु तेथील रोजची शाळा तीन ते सहा वर्षांच्या मुलांची. तीन वर्षांखालचे मूल बहुधा वजनापुरते, लसीपुरते वा आहाराच्या पाकिटापुरते येते. मेंदूची सर्वांत जलद वाढ मात्र याच वयात होते. जमैका देशात १९८६-८७ मध्ये वाढ खुंटलेल्या मुलांवर एक प्रयोग सुरू झाला. आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला घरी जाऊन, घरगुती खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे व बोलावे हे आईला दाखवीत. वीस वर्षांनी पाहिले, तर ही मुले तशाच इतर मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक कमावत होती.

वाचकहो, असा मेळा आपल्या गावात भरवायला पैसा लागत नाही. अंगणवाडी, समाजमंदिर किंवा देवळाचा सभामंडप पुरे. आठवड्यातून एक दिवस, शेताच्या वेळा सांभाळून तासभर जमावे. डबे, झाकणे, चिंध्यांचा चेंडू ही खेळणी. शेंगदाणे, हरभरे, बटणे मात्र दूर ठेवावीत. ती श्वासनलिकेत अडकतात. तापाचे किंवा जुलाबाचे मूल त्या दिवशी घरी ठेवावे. मोबाइल पिशवीत राहू द्यावा. दोन वर्षांखालच्या मुलाला तो देऊच नये. वडील व आजोबांनीही यावे.

या मेळ्यात चार गोष्टींवर नजर ठेवावी. दोन महिन्यांचे मूल माणसाकडे पाहून हसते का? नऊ महिन्यांचे मूल आधाराशिवाय बसते का, आवाजाकडे वळते का? दीड वर्षाचे मूल चालते का, काही शब्द बोलते का? दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडते का? यांपैकी काही होत नसेल, किंवा येत असलेली गोष्ट मूल विसरले असेल, तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. अंगणवाडीतील मुलांची तपासणी करणारे सरकारी पथक येते, त्यालाही सांगावे.

आईकडेही पाहावे. बाळंतपणानंतर एखादी सारखी रडते, जेवत नाही, कोणाशी बोलत नाही, तर ते नखरे नव्हेत. तो आजार आहे आणि तो बरा होतो.

त्या आजी आता नातवाला घेऊन दर महिन्याला येतात. परवा म्हणाल्या, "आधी कोनी सांगितलं असतं तर बरं झालं असतं." सांगणारे कोणी भेटावे, यासाठीच चार घरांनी एकत्र बसायचे.