मुक्या रुग्णांची सेवा

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात, मंचरजवळ, अवसरी खुर्द हे गाव आहे. या भागात शेतीला दूधधंद्याची जोड असते. दावणीची गाय आजारी पडली, की साऱ्या घराचा जीव टांगणीला लागतो. दूध आटते, औषधपाण्याचा खर्च वाढतो. आणि गाय दगावली, तर संसाराची घडीच विस्कटते. अशा प्रसंगी पशुवैद्याला प्रशिक्षित सहायकाची मोलाची मदत होते. महाराष्ट्रात हा सहायक ‘पशुधन पर्यवेक्षक’ या नावाने परिचित आहे. त्याला पशुसंवर्धनाच्या पदविकेचे शिक्षण घ्यावे लागते. नागपूर येथे २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने अशा शिक्षणाची सोय केली आहे.

माणूस आजारी पडला, तर कोठे दुखते ते सांगतो. जनावराला वाचा नाही. म्हणून विद्यार्थ्याने प्रथम शिकावयाचे ते निरीक्षण. निरोगी गाय चारा खाऊन झाल्यावर निवांत रवंथ करते. तिची नाकपुडी ओलसर असते. तिच्या शरीराचे तापमान सुमारे ३८.५ अंश सेल्सिअस असते. डाव्या कुशीतील खळग्याला भकाळी म्हणतात. तेथे मूठ दाबून धरली, म्हणजे पोटाची हालचाल मिनिटास एकदोन वेळा हाताला जाणवते. ही हालचाल मंदावली, रवंथ बंद पडले, नाकपुडी कोरडी झाली, की काहीतरी बिघडले आहे हे जाणत्या माणसाच्या ध्यानी येते.

डोळ्यांइतकेच हातांनाही वळण लावावे लागते. भेदरलेले जनावर लाथ मारते, शिंग उगारते. त्याला इजा न करता जखडून कसे धरावे, जखम कशी धुवावी, उपकरणे निर्जंतुक कशी करावीत, रक्ताचा व शेणाचा नमुना तपासणीसाठी कसा घ्यावा, हे सर्व प्रत्यक्ष कामातूनच अंगवळणी पडते.

या कामातील खरी कसोटी लसीकरणात लागते. घटसर्प आणि फऱ्या या रोगांवरील लस पावसाळ्यापूर्वी टोचतात. लाळ्या-खुरकुतावरही लस आहे. या लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. उन्हात राहिलेली लस निकामी होते. पण बाहेरून पाहणाऱ्याला ती चांगल्या लसीसारखीच दिसते. ती टोचली, तरी गाय तक्रार करीत नाही आणि मालकालाही काही कळत नाही. मात्र साथ आली, की गोठा रिकामा होतो. म्हणून बर्फाची पेटी सांभाळणे आणि प्रत्येक जनावराची अचूक नोंद ठेवणे, ही कामे कोणी पाहत नसतानाही चोख झाली पाहिजेत.

आपली मर्यादा ओळखणे हाही या शिक्षणाचाच भाग होय. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ अन्वये सहायकाने नोंदणीकृत पशुवैद्याच्या देखरेखीखाली व मार्गदर्शनानुसार किरकोळ उपचार करावयाचे असतात. अवघड रोगाचे निदान आणि शस्त्रक्रिया ही पशुवैद्याची कामे. अशा वेळी त्याला तातडीने बोलावणे, यातच सहायकाचा शहाणपणा असतो.

अशा शिस्तीचे फळ केवढे मोठे असते, याची साक्ष बुळकांडीचा इतिहास देतो. या रोगाने तोंडात व्रण पडत, जुलाब होत आणि थोड्याच दिवसांत जनावर मरे. साथ आली, की गोठेच्या गोठे ओस पडत आणि नांगराला बैल उरत नसत. भारताने १९५४ साली बुळकांडीविरुद्ध देशव्यापी मोहीम आरंभिली. पशुवैद्य आणि त्यांचे सहायक वर्षानुवर्षे गावोगाव, वाडीवस्तीवर फिरून लस टोचीत राहिले. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली सारे जग या रोगातून मुक्त झाल्याची घोषणा झाली. देवीनंतर पृथ्वीवरून पूर्णपणे नाहीसा झालेला हा दुसराच रोग होय. या विजयात मोठ्या शास्त्रज्ञांचा वाटा आहे. तसाच तो लसीची पेटी खांद्याला लावून चिखल तुडवीत गोठ्यापर्यंत गेलेल्या असंख्य सहायकांचाही आहे.