अहिराणी शिकून कोण परदेशी जातं?

नाशिक जिल्ह्यातल्या देवळा, लोहोणेर, उमराणे या अहिराणी बोलणाऱ्या पट्ट्यात भाषा विषय घेऊन एम.ए. करणाऱ्या मुलामुलींना हा प्रश्न घरीच विचारला जातो. परदेशी जायचं तर इंजिनिअर व्हावं, भाषा घेऊन फार तर मास्तरकी मिळेल, असा हिशोब असतो. हळूहळू मुलांनाही तो पटतो, आणि वाईट वाटतं ते याचंच. कारण भाषेच्या अभ्यासकाला जे भांडवल वर्षानुवर्षं गावोगाव फिरून जमवावं लागतं, ते या मुलांच्या ओसरीवर रोज बोललं जातं.

सगळ्यात चिवट गैरसमज म्हणजे अहिराणी ही बिघडलेली मराठी. वर्गात कुणी ‘मना आंडोर’ म्हटलं की बाकीचे हसतात. पण जरा नीट ऐका. ‘रामाचा’ला ‘रामना’, ‘मला’ला ‘माले’, ‘तो जातो’ला ‘तो जास’. हे चुकून होत नाही, दरवेळी ठरल्या रीतीनंच होतं. हा ‘ना’ तर गुजरातीतल्या ‘नो’च्या शेजारचा. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात मराठीला सातवा खंड दिला आहे, अहिराणी जिच्यात मोडते ती खानदेशी मात्र त्यात नाही. ती 1907 साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, भिल्ली भाषांसोबत आहे. 2011 च्या जनगणनेतही खानदेशी मराठीखाली न धरता वेगळी मोजली आहे. तिथे बोलणाऱ्यांचा आकडा सुमारे 18 लाख 60 हजार असून त्यात मोठा वाटा अहिराणीचा आहे. ही मराठीची बोली म्हणायची की स्वतंत्र भाषा, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. एकमत नाही म्हणूनच संशोधनाला जागा आहे.

(बहिणाबाईंची भाषा अहिराणी, असंही सर्रास म्हटलं जातं. ती जळगावकडची लेवा गणबोली. ज्याला प्रबंध लिहायचा आहे त्याने हा फरक पहिल्या दिवसापासून जपावा.)

दुसरी समजूत अशी, की साधनं सगळी पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत. एके काळी हे खरं होतं. आज शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’त मोल्सवर्थचा कोश, दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश फुकट शोधता येतो. ग्रिअर्सनच्या काळात, 1913 ते 1929 दरम्यान भरलेल्या ग्रामोफोन तबकड्यांचे आवाजही तिथे ऐकायला मिळतात. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेच्या बोली-सर्वेक्षणातली ध्वनिमुद्रणं आणि नकाशे खुले आहेत. देशभरचे प्रबंध ‘शोधगंगा’वर आहेत. अनेक महाविद्यालयांत ऑनलाइन पुस्तकं-नियतकालिकं वाचायला ‘एन-लिस्ट’ची सोय असते, पण तिचा पासवर्ड मागायला मुलं जात नाहीत. ग्रंथपालांकडे जा आणि मागा.

मात्र जे कुठल्याच ग्रंथालयात पुरतं मिळणार नाही, ते कांद्याच्या चाळीत बसलेल्या आजीकडे आहे. कांदा निवडताना ती गोल्टी वेगळी काढते, खाद वेगळी टाकते, बी धरायच्या डोंगळ्यांचं बोलते, यंदाचं उळं का जळालं ते सांगते. तासभराचं हे बोलणं तिची परवानगी घेऊन, तारीख-गाव-वय टिपून, मोबाइलवर शक्यतो वेव्ह स्वरूपात मुद्रित केलं आणि शब्दन् शब्द उतरवून काढलं, तर ती संशोधनाची अस्सल सामग्री झाली. अर्जासोबत दाखवायला यापेक्षा चांगलं काही नाही.

आता पैशाचं. परदेशी शिष्यवृत्ती श्रीमंतांची, आणि एजंटशिवाय मिळत नाही, हे दोन्ही खोटं. फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल रिसर्च ही शिष्यवृत्ती भारतात पीएच.डी. करणाऱ्यांसाठी असते, सहा ते नऊ महिने अमेरिकेत राहता येतं. जाण्यायेण्याचं विमानभाडं, दरमहा निर्वाहखर्च, आरोग्यविमा त्यातच मिळतो आणि अर्जाला फी नाही. जर्मनीच्या डीएएडी या संस्थेच्याही संशोधनवृत्ती आहेत. अर्ज भरून देतो म्हणून हजारो रुपये मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. इंग्रजी लागतं, हे खरं. पण ते कामापुरतं, स्वच्छ लिहिता यावं एवढं. सगळीच दारं उघडी आहेत असंही नाही. केंद्र सरकारची संकटग्रस्त भाषांची योजना दहा हजारांहून कमी लोक बोलतात अशा भाषांसाठी आहे. अहिराणी तिथे बसत नाही. अर्ज करण्याआधी असे निकष वाचले तर पुढची निराशा टळते.

आणि परदेशी जाऊन मराठीचा काय अभ्यास करणार, असं विचारणाऱ्यांना भाषावैज्ञानिक अशोक केळकरांचं नाव सांगावं. 1958 साली अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात त्यांना डॉक्टरेट मिळाली, विषय मराठीची स्वनव्यवस्था आणि रूपव्यवस्था. नंतर त्यांनी डेक्कन कॉलेजात पिढ्या घडवल्या. रस्ता उलटाही वाहतो. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेहून आल्या, फलटणचे लोक कसे बोलतात यावर त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच.डी. केली, आणि मग फलटणलाच राहून मुलांची शाळा उभी केली. फलटण तेव्हा तालुक्याचं गाव होतं, देवळ्यासारखंच.