विश्लेषण : जुनी फोर-बाय-फोर पिकअप घेताय? डांबरावरची टेस्ट ड्राइव्ह पुरेशी का नाही?

मांजरी बुद्रुकमध्ये माझे मामा राहतात. घरचे बरेचसे रान प्लॉटिंगमध्ये गेले, म्हणून काही वर्षांपूर्वी त्यांनी सासवडच्या पुढे दोन एकर घेऊन सीताफळ लावले. आठवड्यातून तीनदा मांजरी, हडपसर, दिवे घाट, सासवड अशी फेरी असते. घरची छोटी कार शेताच्या रस्त्यावर बुडाला घासते. माल आणायला दर वेळी भाड्याचा छोटा हत्ती सांगावा लागतो. गेल्या हिवाळ्यात त्यांनी या दोन्हींवर एकच उतारा काढला आणि बँकेतली ठेव मोडून ९ लाखांना जुनी डबल कॅब पिकअप घेतली. पाच जणांची केबिन, मागे उघडा हौदा आणि फोर-बाय-फोर.

मी मेकॅनिकल इंजिनीअर, त्यामुळे गाडी बघायला मला नेले. सोलापूर रस्त्यावर २० मिनिटे चालवली. इंजिनाचा आवाज स्वच्छ, क्लच हलका, धूर नाही. मी मान डोलावली. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसानंतर गाडी बांधाशी रुतली. मामांनी फोर-बाय-फोर टाकले, दिवा लुकलुकत राहिला आणि पुढची चाके जागची हलली नाहीत. शेवटी शेजारच्या ट्रॅक्टरने ओढून काढली.

गाडीचे आणि विकणाऱ्याचे नाव इथे मुद्दाम देत नाही. बघायला मी गेलो होतो आणि जे तपासायला हवे होते ते मी तपासले नाही. या वर्गातली गाडी जुनी घेताना नेमके काय बघायचे, हे त्यानंतर गॅरेजमध्ये बसून शिकलो.

बाजारात पर्याय कोणते?

फार नाहीत. पुण्याचा या गाड्यांशी संबंध जुना आहे. टाटांची ‘टाटामोबाइल’ पिकअप १९८८ मध्ये इथल्याच कारखान्यातून आली. पुढे टाटा झेनॉन आणि महिंद्राची स्कॉर्पिओ गेटवे आली. दोन्ही आता फक्त जुन्याच मिळतात. खरी चर्चा सुरू झाली ती मे २०१६ मध्ये इसुझूने डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणल्यावर. तेव्हा चेन्नईत तिची एक्स-शोरूम किंमत १२.४९ लाख होती. आतून कारसारखी, वर पांढरी पाटी. टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये आली, तिची सुरुवातच ३३.९९ लाखांपासून होती. त्यामुळे १० लाखांच्या आसपासचे बजेट असले, की बहुतेक खरेदीदार बीएस-४ काळातल्या व्ही-क्रॉसपाशी किंवा त्याहून जुन्या झेनॉन-गेटवेपाशी येऊन थांबतात.

एक गोष्ट आधीच बघून घ्या. प्रत्येक उंच पिकअप फोर-बाय-फोर नसते. इसुझूची हाय-लँडर टू-व्हील-ड्राइव्हच आहे आणि व्ही-क्रॉसमध्येही टू-व्हील-ड्राइव्ह प्रकार मिळत होता. मागच्या फाळक्यावरचे स्टिकर बाजारात कुणालाही मिळते. खाली वाकून पुढच्या दोन चाकांच्या मधोमध डिफरन्शिअल आहे का, ते डोळ्यांनी बघायचे.

डांबरावर दोष का लपतो?

या गाड्यांतली फोर-बाय-फोर यंत्रणा ‘पार्ट-टाइम’ असते. एरवी इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना जाते. नॉब फिरवला की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडते. मधे डिफरन्शिअल नसते. वळताना पुढची चाके मोठ्या वर्तुळातून जातात, मागची लहान. म्हणजे पुढचा शाफ्ट जास्त फिरायला हवा, पण तो मागच्याला बांधलेला असतो. माती-चिखलात चाके थोडी घसरतात आणि हा फरक जिरून जातो. कोरड्या डांबरावर टायर घसरत नाही, मग सगळा पीळ शाफ्ट, गिअर आणि जॉइंटवर साठतो. स्टिअरिंग जड होते, गाडी हिसके देते. म्हणून डांबरावर फोर-बाय-फोर टाकू नका, हा विक्रेत्याचा सल्ला बरोबरच असतो.

गोची इथेच आहे. टेस्ट ड्राइव्ह डांबरावर होते, डांबरावर फोर-बाय-फोर टाकत नाहीत, आणि ज्या एका गोष्टीसाठी आपण जादा पैसे मोजतो तीच न तपासता गाडी घरी येते.

पुढच्या अक्षाची जोडणी बहुतेक गाड्यांत व्हॅक्यूमवर किंवा छोट्या विजेच्या मोटरवर चालते. गाडी शहरातच फिरली असेल तर ही जोडणी वर्षानुवर्षे हलतच नाही. मामांच्या गाडीत नेमके हेच झाले होते. पाणी शिरून मोटर गंजली आणि जाम झाली. भाग यायला तीन आठवडे लागले, मजुरीसकट ३८,००० रुपये गेले. आधीच्या मालकाने बहुधा कधी फोर-बाय-फोर टाकलेच नसावे. त्याला तरी कुठून कळणार?

तपासायची रीत सोपी आहे. मोकळे, कच्चे मैदान हवे. मांजरीत नव्या प्लॉटिंगच्या कृपेने त्याची वाण नाही. हाय रेंज टाका, शंभर मीटर सरळ चालवा, मग हळू वर्तुळ घ्या. स्टिअरिंगला ओढ जाणवली तर पुढचा अक्ष जोडला गेला आहे. दिवा लुकलुकत राहिला तर नाही. मग गाडी थांबवून, न्यूट्रलमध्ये आणून लो रेंज टाका. यात चाकांचा वेग साधारण अडीच पट कमी होतो आणि जोर तितकाच वाढतो. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडल्यावर गाडी पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीने, ॲक्सिलरेटर न देता पुढे जायला हवी. शेवटी पुन्हा टू-व्हीलवर आणा. कधी कधी जोडणी होते, पण सुटत नाही.

किलोमीटर बघू नका का?

बघा, पण त्यावर विसंबू नका. या गाड्यांचे अनेक मालक मोठे टायर बसवतात आणि मोठा टायर मीटरला फसवतो. मूळ टायर २४५/७० आर १६ असेल तर त्याचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर. त्याजागी २६५/७५ आर १६ आला की तो ८०४ होतो, म्हणजे सुमारे ७ टक्के जास्त. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापते, मीटर मात्र जुन्या हिशेबाने मोजतो. मीटरवर ८०,००० दिसत असतील आणि ते सगळे या टायरवर झाले असतील, तर गाडी प्रत्यक्षात ८५,८०० किलोमीटर धावली आहे. यात कुणी मीटर मागे फिरवलेला नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाडी पाण्यात किती उतरली. पुढच्या-मागच्या डिफरन्शिअलचे तेल थोडे काढून बघायला सांगा. ताकासारखे पांढुरके निघाले तर आत पाणी गेले आहे. चासी पेटीसारखी पोकळ असते, चिखल आत बसतो आणि गंज आतून खातो. खालून सगळीकडे ताजा काळा रंग मारलेला असेल तर तो कशासाठी मारला, हे विचारा आणि छोट्या हातोडीने ठोकून बघा. आवाज बदबद आला तर पुढचा भाव करायची गरज नाही. मागचे पाटे, त्यांचे यू-बोल्ट, हौदा जिथे चासीला बसतो ते कोपरे हेही बघायचे. व्ही-क्रॉस आणि हायलक्समध्ये मागे ड्रम ब्रेक आहेत. ड्रममध्ये चिखल साचला की लायनर लवकर झिजतात.

बीएस-६ गाडी बघत असाल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी, कशी वापरली गेली हे विचारा. ती साफ व्हायला गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. मांजरी ते हडपसर गाडीतळ अशा फेऱ्यांवर वाढलेल्या गाडीत ही जाळी तुंबलेली असू शकते.

सजवलेली गाडी फायद्याची की तोट्याची?

विंच, उंच केलेले सस्पेन्शन, पुढे लोखंडी बुलबार. जाहिरातीत हे सगळे ‘दीड लाखाचे सामान फुकट’ म्हणून येते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांत मनाने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितले. बुलबारवर कारवाई करा, असे केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. अपघात झाला तर विमा कंपनी याच बदलांवर बोट ठेवू शकते. माझे मत विचाराल तर मळकी पण मूळ अवस्थेतली गाडी परवडली.

कागदांत कुठे अडकते?

दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. तेव्हापासून तिकडच्या डिझेल गाड्या इतर राज्यांत स्वस्तात येतात. भाव बघून हुरळू नका. मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २८ लागतो आणि महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. इथे खासगी डिझेल गाडीचा कर १० लाखांपर्यंत १३ टक्के, २० लाखांपर्यंत १४ आणि त्यावर १५ टक्के आहे. जुन्या गाडीला तो वयानुसार घटतो, पण शून्य होत नाही. तो जमेस धरल्यावर ‘स्वस्त’ गाडी किती स्वस्त उरते ते मांडून बघा.

गाडी राज्यातलीच असेल तर फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेचे पत्र आणि फॉर्म ३५. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. हे विकणाऱ्याच्याही हिताचे आहे. नोंदीत ज्याचे नाव तोच मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ तुम्हाला मिळत नाही.

शेतकऱ्यांसाठी आणखी एक. पांढऱ्या पाटीची पिकअप खासगी वाहन आहे, भाड्याने माल वाहायला ती चालत नाही. शिवाय हौदा दिसतो मोठा, पण आरसीवर रिकामे वजन आणि भारासहित वजन असे दोन आकडे असतात, त्यातला फरक हीच खरी क्षमता. त्यात माणसेही आली. पाच मोठी माणसे बसली की साडेतीनशे किलो तिथेच संपतात.

रोजच्या वापरात कशी आहे?

मामींचे उत्तर एका शब्दात आहे आणि ते छापण्यासारखे नाही. हौदा रिकामा असला की मागचे पाटे ताठ राहतात आणि मागच्या सीटवर बसलेला माणूस प्रत्येक गतिरोधकाला उडतो. आजी आता पुढेच बसते. तिला चढायला घरून लाकडी पाट नेतो. व्ही-क्रॉसची लांबी ५.२९ मीटर, हायलक्सची ५.३२. सोसायटीत चारचाकीची जागा साधारण ५ मीटरच्या हिशेबाने आखलेली असते, म्हणजे नाक किंवा शेपूट बाहेर. गावठाणातल्या गल्लीत वळवायला मामांना चार-पाच वेळा मागेपुढे करावे लागते. लहान कार विकायचा बेत त्यांनी त्यामुळेच रद्द केला. एका गाडीत दोन्ही कामे होतील, हा मूळ हिशेब तिथेच चुकला.

पण दुरुस्तीनंतर ऑगस्टच्या पावसात, त्याच बांधावरून, सीताफळाचे दहा क्रेट घेऊन गाडी लो रेंजमध्ये सरळ वर आली. ट्रॅक्टरवाला बघायला थांबला होता.

गेल्या महिन्यात मामांच्या शेजाऱ्यांनी अशीच एक गाडी बघितली आणि आम्हा दोघांना सोबत नेले. विकणाऱ्याने सोलापूर रस्त्यावर चक्कर मारू या म्हटले. मामांनी किल्ली हातात घेतली आणि गाडी नदीकडच्या कच्च्या रस्त्याला वळवली.